ओपन सोर्स फोनातली कुलूपबंद खोली

पुण्याच्या तापकीर गल्लीत फोनचं काय दुरुस्त होत नाही? फुटलेली स्क्रीन, फुगलेली बॅटरी, सैल झालेलं चार्जिंगचं पोर्ट, सगळं डोळ्यांसमोर होतं आणि थोडी घासाघीस केली तर वाजवी भावात होतं. पण तिथल्या कुठल्याही दुकानदाराला म्हणून बघा, "दादा, फोन पाच वर्षांचा आहे, कंपनीने अपडेट बंद केलेत, नवीन अँड्रॉइड घालून द्या." तो हसेल आणि म्हणेल, "ते वरनंच येतं साहेब. आलं तर आलं."

त्याचं म्हणणं खोटं नाही, पण विचित्र नक्की आहे. अँड्रॉइड ओपन सोर्स आहे हे आता शाळेतल्या पोरांनाही ठाऊक असतं. सोर्स कोड कुणीही उतरवून घ्यावा, हवा तसा बदलावा. त्याच्या खाली चालणारं कर्नल, म्हणजे यंत्राशी थेट बोलणारा गाभा, लिनक्सचं, तेही खुलं. कपाटात धूळ खात पडलेल्या दहा वर्षांपूर्वीच्या लॅपटॉपवर आजचं ताजं लिनक्स अर्ध्या तासात चढतं. मग पाच वर्षांच्या फोनवर आजचं अँड्रॉइड का चढू नये? फोनची मेमरी तर बऱ्याचदा त्या लॅपटॉपपेक्षा जास्त असते.

घोडं अडतं ते ड्रायव्हरपाशी.

फोनमधली प्रत्येक चिप, मग ती ग्राफिक्सची असो, वाय-फायची असो की कॅमेऱ्याची, आकड्यांची भाषा समजते. अमुक पत्त्यावर अमुक आकडा लिहिला की स्क्रीन उजळते, तमुक लिहिला की कॅमेऱ्याचं भिंग किंचित पुढे सरकतं. कुठल्या पत्त्यावर काय लिहायचं, कुठल्या क्रमाने लिहायचं, मध्ये किती मायक्रोसेकंद थांबायचं, हे सगळं माहीत असलेला प्रोग्रॅम म्हणजे ड्रायव्हर. ही माहिती चिप बनवणाऱ्या कंपनीच्या दस्तऐवजात असते आणि तो दस्तऐवज बहुतेक वेळा गोपनीयतेच्या करारावर सही केल्याशिवाय हाती लागत नाही. सही केली की मजकूर मिळतो, पण मग तो दुसऱ्याला दाखवता येत नाही.

लॅपटॉपला हा त्रास कमी होतो, कारण तिथे यंत्र स्वतःहून सांगतं की माझ्या पोटात काय काय आहे. कर्नल सुरू होताना विचारपूस करतं, प्रत्येक कार्ड आपला क्रमांक सांगतं, त्या क्रमांकाचा ड्रायव्हर शोधून जोडला जातो. फोनमधल्या आर्म चिपसेटमध्ये बहुतांश भाग असे बोलत नाहीत. कुठली चिप कुठल्या पत्त्यावर बसवली आहे, तिला वीज कुठून मिळते, कुठली पिन कशाला जोडली आहे, हा सगळा नकाशा कर्नलला आधीच लिहून द्यावा लागतो. त्याला डिव्हाइस ट्री म्हणतात. दोन फोनमध्ये चिपसेट एकच असला तरी नकाशा वेगळा. म्हणून एकाच पेनड्राइव्हवरून पुण्यातल्या सगळ्या लॅपटॉपवर लिनक्स चढवता येतं, पण एकच फाइल सगळ्या फोनवर चालत नाही.

नकाशा एक वेळ बसून तयार करता येतो. खरी पंचाईत पुढे आहे.

फोनमधला ड्रायव्हर एकसंध नसतो, त्याचे तीन तुकडे असतात. पहिला कर्नलच्या आत राहतो. दुसरा कर्नलच्या बाहेर, ॲपच्या बाजूला, लायब्ररीच्या रूपात असतो; अँड्रॉइडमध्ये त्याची जागा म्हणजे व्हेंडर नावाचा कप्पा. तिसरा थेट चिपवर चालतो, कारण मॉडेम (मोबाइलच्या टॉवरशी बोलणारी चिप) किंवा वाय-फायच्या चिपमध्ये स्वतःचा छोटा प्रोसेसर असतो आणि फोन सुरू होताना त्याला त्याचा प्रोग्रॅम भरवावा लागतो. हा तिसरा तुकडा म्हणजे फर्मवेअर.

आता कायद्याची गंमत बघा. लिनक्स कर्नल जीपीएल परवान्याच्या दुसऱ्या आवृत्तीखाली मिळतं. त्याची अट साधी आहे: कर्नलमध्ये भर घालून ते तुम्ही पुढे कुणाला दिलंत, तर भर घातलेला सोर्सही द्यायचा. फोन विकणं म्हणजे कर्नल पुढे देणंच. त्यामुळे ड्रायव्हर कर्नलच्या आत लिहिला तर तो उघडा करावा लागणार. पण लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी या परवान्याला एक टीप जोडली आहे. नेहमीच्या सिस्टिम कॉलमधून, म्हणजे ठरावीक विनंत्यांमधून, कर्नलची सेवा घेणारे प्रोग्रॅम हे कर्नलचं रूपांतर मानले जाणार नाहीत, असं ती सांगते. टीप अगदी रास्त आहे. ती नसती तर लिनक्सवर विकाऊ सॉफ्टवेअर चालवायला कुणी धजलं नसतं. चिप कंपन्यांनी मात्र याच टिपेच्या आडोशाला संसार थाटला. कर्नलमध्ये एक पातळ तुकडा ठेवायचा, जो मेमरी वाटून देतो आणि इकडचे आदेश तिकडे पोचवतो. तो जीपीएलखाली उघडा करून मोकळं व्हायचं. अक्कल सगळी बाहेरच्या लायब्ररीत, आणि ती बंद.

आर्म कंपनीच्या माली जीपीयूचं, म्हणजे ग्राफिक्सच्या चिपचं, असंच चालत आलं. क्वालकॉमच्या ॲड्रिनोचंही तेच. कर्नलमधला भाग उघडा आहे, वाचता येतो, पण शेडर जीपीयूच्या भाषेत उतरवणारा कंपायलर बंद लायब्ररीत आहे. (शेडर म्हणजे स्क्रीनवरच्या प्रत्येक ठिपक्याचा रंग काढणारा छोटा प्रोग्रॅम. तुम्ही बोटाने यादी वर सरकवता तेव्हाही तो चालू असतो.) अशा बंद, सोर्स नसलेल्या फाइलींना या क्षेत्रात 'ब्लॉब' म्हणतात, आणि नाव शोभतं.

पेठेतल्या वाड्यांच्या पुनर्विकासाची रड ज्यांनी जवळून पाहिली आहे, त्यांना पुढचं पटकन कळेल. वाडा तुमचा, प्रॉपर्टी कार्डावर नाव तुमचं, पण जिन्याखालच्या एका खोलीला पागडीवाल्या भाडेकरूचं कुलूप, आणि भाडेकरू पत्र लिहिलं तरी उत्तर देत नाही. तुम्ही कौलं बदला, भिंती रंगवा, दिंडी दरवाजाला पितळी कडी बसवा, कुणी अडवत नाही. वाडा उतरवून नवी इमारत उभी करायची म्हटली की सगळं काम त्या एका खोलीपाशी थांबतं. फोनमधली नवी इमारत म्हणजे नवं कर्नल.

कसं ते सांगतो. बंद लायब्ररी चालते ती कर्नलमधल्या त्या पातळ तुकड्याच्या भरवशावर. तो तुकडा कंपनीने एका विशिष्ट कर्नल आवृत्तीसाठी लिहिलेला असतो. आणि लिनक्स कर्नलच्या आतल्या जोडण्या दर आवृत्तीत बदलू शकतात. हा कुणाचा निष्काळजीपणा नाही, कर्नल लिहिणाऱ्यांनी जाणूनबुजून घेतलेलं धोरण आहे. कर्नल सांभाळणाऱ्या प्रमुखांपैकी एक, ग्रेग क्रोआ-हार्टमन, यांचं त्यावरचं टिपण कर्नलच्या सोर्ससोबतच येतं. तुमचा ड्रायव्हर आमच्या मुख्य सोर्समध्ये द्या, उद्या आम्ही आतली जोडणी बदलली तर तुमच्या ड्रायव्हरमध्येही आम्हीच दुरुस्ती करू, असा तो सौदा आहे. या मुख्य सोर्सला मेनलाइन म्हणतात. ज्याने सौदा मान्य केला त्याचा ड्रायव्हर वर्षानुवर्षं चालत राहतो. ज्याने आपलं आपल्यापाशी ठेवलं, तो त्या जुन्या कर्नलला बांधला जातो. आणि त्याच्यासोबत तुमचा फोनही.

हातातला फोन घ्या आणि बघा. सेटिंग्ज, मग अबाउट फोन, मग अँड्रॉइड व्हर्जन. बऱ्याच फोनवर तिथेच कर्नल व्हर्जन दिसतं. वर अँड्रॉइड १३ असं ऐटीत लिहिलेलं असतं आणि खाली कर्नल ४.१९. हे ४.१९ म्हणजे ऑक्टोबर २०१८ मध्ये आलेलं कर्नल, आणि मूळ प्रकल्पाने त्याची देखभाल डिसेंबर २०२४ मध्ये थांबवली. वरचे मजले नवे झाले, पाया तोच राहिला. फोन घेतला त्या दिवशी जो कर्नल आकडा होता, त्याचे पहिले दोन अंक शेवटपर्यंत बदलत नाहीत, असंच बहुतेक फोनचं असतं.

या अडचणीशी सर्वांत चिवटपणे झुंजलेली कंपनी म्हणजे ॲमस्टरडॅमची फेअरफोन. त्यांचा फेअरफोन २ डिसेंबर २०१५ मध्ये बाजारात आला. सुटा करून घरी दुरुस्त करता येईल आणि बरीच वर्षं वापरता येईल, ही त्याची जाहिरात. आत क्वालकॉमचा स्नॅपड्रॅगन ८०१ होता. क्वालकॉमने या चिपसेटसाठी अँड्रॉइड ६ च्या पुढे मदत द्यायचं थांबवलं. नवे ब्लॉब नाहीत, नव्या दुरुस्त्या नाहीत. एवढ्यावर मोठमोठ्या कंपन्या हात झटकून मोकळ्या होतात. फेअरफोनने हौशी विकासकांच्या कामाचा, त्यातही लिनिएजओएस या त्यांच्या खुल्या अँड्रॉइड-अवताराच्या कामाचा आधार घेत, जुने ब्लॉब नव्या अँड्रॉइडशी कसेबसे जुळवत अँड्रॉइड ७ आणलं, मग थेट ९, आणि पुढे १० सुद्धा. त्या फोनची देखभाल मार्च २०२३ पर्यंत चालली. सात वर्षं! यातलं बरंचसं श्रम नवं काही बनवण्यात गेलं नाही, बंद फाइलींची समजूत घालण्यात गेलं. २०२३ च्या फेअरफोन ५ मध्ये त्यांनी फोनसाठीची नेहमीची चिप घेतलीच नाही. कारखान्यांतल्या यंत्रांसाठी विकली जाणारी क्वालकॉमची चिप घेतली, कारण तिला कितीतरी जास्त वर्षं आधार मिळतो. फोनचं आयुष्य चिप कंपनीच्या वेळापत्रकावर ठरतं, हे याहून स्पष्ट कुणी बोलून दाखवलेलं नाही.

मग कंपन्या सोर्स का देत नाहीत? पेटंटचं कारण पुढे केलं जातं. त्यात तथ्य आहे: ड्रायव्हरमध्ये दुसऱ्याकडून परवान्यावर घेतलेला कोड असतो आणि सोर्स उघडला की प्रतिस्पर्ध्यांचे वकील भिंग घेऊन बसतात. रेडिओच्या चिपला आणखी एक बाजू आहे. किती शक्तीने आणि कुठल्या लहरींवर प्रसारण करायचं, यावर प्रत्येक देशात सरकारी बंधनं असतात आणि फर्मवेअर खुलं केलं तर कुणीही ती मोडेल, अशी भीती असते. हे सगळं मला मान्य आहे. पण माझ्या मते मोठं कारण सरळ धंद्याचं आहे. चिप कंपनीचं गिऱ्हाईक तुम्ही-आम्ही नाही, फोन कंपनी आहे. फोन कंपनीला पुढच्या वर्षी नवा फोन विकायचा असतो. जुन्या चिपसाठी कुणी पैसेच देत नसेल तर त्यावर इंजिनिअर बसवणार कोण?

या कुलपाला लोकांनी जे उपाय शोधले, त्यातला सर्वांत रंजक उपाय म्हणजे चिपची भाषा बाहेरून ऐकून ऐकून शिकणं. याला रिव्हर्स इंजिनिअरिंग म्हणतात. हा प्रकार नेमका कसा चालतो ते बघण्यासारखं आहे.

समजा माली जीपीयूला काय आदेश जातात ते आपल्याला कळत नाही, पण कंपनीची बंद लायब्ररी फोनवर आहेच आणि ती नीट चालते. तेव्हा लायब्ररी आणि कर्नल यांच्या मध्ये एक छोटा हेर-प्रोग्रॅम बसवायचा. लायब्ररी कर्नलला जे जे सांगते आणि जीपीयूसाठी मेमरीत जे जे लिहून ठेवते, ते सगळं त्याने टिपून घ्यायचं. मग एक अगदी क्षुल्लक प्रोग्रॅम लिहायचा: स्क्रीन पूर्ण लाल कर. चालवला की मेमरीतल्या आकड्यांचा ढीग फाइलीत उतरतो. आता प्रोग्रॅममध्ये फक्त लालच्या जागी हिरवा करायचा आणि पुन्हा चालवायचं. दुसरा ढीग. दोन्ही ढीग शेजारी ठेवून कुठे फरक पडला ते बघायचं. रंग लाल, हिरवा, निळा आणि पारदर्शकता अशा चार आकड्यांत लिहितात. दशांश संख्या लिहायच्या प्रचलित पद्धतीत १ हा आकडा मेमरीत ३एफ८००००० असा दिसतो. पहिल्या ढिगात एके ठिकाणी ३एफ८०००००, दोन शून्यं आणि पुन्हा ३एफ८००००० दिसलं. दुसऱ्या ढिगात त्याच जागी पहिला ३एफ८००००० एक घर पुढे सरकलेला दिसला, की समजायचं, स्क्रीन पुसायच्या रंगाची जागा सापडली. हजारो आकड्यांपैकी चारांचा अर्थ लागला. मग एक त्रिकोण काढायचा. मग त्याचं एक टोक थोडं हलवायचं. मग दोन त्रिकोण. हे महिनोन्‌महिने करत राहायचं.

सोर्सची चोरी यात कुठेच नाही, बंद लायब्ररी उघडून तिची नक्कल करणंही नाही. फक्त ती काय बोलते ते ऐकायचं. रॉब क्लार्क यांनी २०१२ च्या सुमारास ॲड्रिनोसाठी फ्रीड्रीनो हा खुला ड्रायव्हर असाच सुरू केला. मालीसाठी आधी लीमा आला, नव्या पिढीच्या मालीसाठी पॅनफ्रॉस्ट. पॅनफ्रॉस्टमागे ॲलिसा रोझेनझ्वाइग हे प्रमुख नाव. लीमा आणि पॅनफ्रॉस्ट दोन्ही जुलै २०१९ च्या ५.२ कर्नलमध्ये एकदमच दाखल झाले. पुढे तर ज्यांच्या भिंतीला कान लावले होते, ती आर्म कंपनीच सोबत आली आणि आणखी नव्या मालीसाठीचा पॅन्थॉर हा ड्रायव्हर २०२४ मध्ये ६.१० कर्नलमध्ये आला. पॉवरव्हीआर जीपीयू बनवणाऱ्या इमॅजिनेशन कंपनीने तर खुला ड्रायव्हर स्वतःच लिहून दिला, तो ६.८ मध्ये आहे.

यात एक मेख मात्र आहे. पॅन्थॉर उघडा आहे, पण तो ज्या जीपीयूसाठी आहे त्यांना चालायला आर्मची बंद फर्मवेअर लागते. पूर्वी जी अक्कल लायब्ररीत होती, तिच्यातली काही आता चिपवरच्या छोट्या प्रोसेसरमध्ये गेली आहे. कुलूप निघालं नाही, एक जिना खाली सरकलं. ॲड्रिनोलाही फर्मवेअर लागते आणि त्यातला एक छोटा तुकडा बऱ्याच फोनवर त्या फोन कंपनीच्या सहीचाच लागतो. चिप तीच, पण एका कंपनीच्या फोनची फाइल दुसऱ्या कंपनीच्या फोनवर ठेवली की जीपीयू सुरूच होत नाही.

तरीही मला हे खाली सरकणं पूर्वीपेक्षा बरं वाटतं. का? चिपवरची फर्मवेअर कर्नलच्या आवृत्तीला बांधलेली नसते. तीच फाइल आजच्या कर्नलवर चालेल आणि पाच वर्षांनंतरच्याही. फोन लवकर म्हातारा होतो तो मधल्या बंद लायब्ररीमुळे आणि तिला जोडलेल्या जुन्या कर्नल-तुकड्यामुळे. शुद्धतेचा आग्रह धरणाऱ्यांना हे पटत नाही, आणि त्यांचंही चूक नाही. रेप्लिकंट नावाचा, एकही बंद फाइल न ठेवणारा अँड्रॉइडचा अवतार २०१० पासून आहे. पण त्यात कित्येक फोनचं वाय-फायच चालत नाही, कारण फर्मवेअर द्यायची नाही हा त्यांचा नियम. मी तो नियम मानतो, पण फोन वापरायचा तर मला वाय-फाय लागतं.

रेप्लिकंटवाल्यांनी एक मोठं काम मात्र केलं. मार्च २०१४ मध्ये त्यांनी दाखवून दिलं, की सॅमसंग गॅलॅक्सीच्या काही फोनमध्ये मॉडेमशी बोलणारा जो बंद प्रोग्रॅम होता, तो मॉडेमच्या सांगण्यावरून फोनच्या साठवणीतल्या फाइली वाचू, लिहू आणि पुसू शकत होता. याला मुद्दाम ठेवलेलं मागचं दार म्हणायचं की नुसता ढिसाळपणा, यावर तेव्हा बरीच वादावादी झाली. वाद बाजूला ठेवला तरी सोर्स बंद असल्यामुळे ही गोष्ट कुणाच्या नजरेला पडत नव्हती, हे उरतंच.

मॉडेम हा फोनमधला सर्वांत कडेकोट भाग. तो स्वतःच एक संगणक आहे, त्यावर स्वतःची ऑपरेटिंग सिस्टिम चालते आणि तो सतत बाहेरच्या टॉवरशी बोलत असतो. मार्च २०२३ मध्ये गूगलच्या प्रोजेक्ट झीरो गटाने सॅमसंगच्या एक्झिनॉस मॉडेममधल्या १८ त्रुटी जाहीर केल्या. त्यातल्या चार अशा, की हल्ला करणाऱ्याला तुमचा फोन नंबर तेवढा माहीत असला की पुरे. पण उघडा कोड म्हणजे आपोआप सुरक्षा, असंही समजू नका. त्याच गटाने २०२२ मध्ये मालीच्या कर्नलमधल्या तुकड्यात, म्हणजे उघड्या तुकड्यात, पाच त्रुटी शोधल्या. आर्मने जुलै-ऑगस्टमध्ये त्या दुरुस्त केल्या. नोव्हेंबर उजाडला तरी दुरुस्ती फोनपर्यंत पोचली नव्हती. सोर्स उघडा असून उपयोग काय, जर तो तुमच्या फोनवर बसवायची किल्ली दुसऱ्याच्या खिशात असेल?

गूगलने काहीच केलं नाही असं नाही. २०१७ मध्ये अँड्रॉइड ८ सोबत ट्रेबल नावाची रचना आली. वरचं अँड्रॉइड आणि खालचे ब्लॉब यांच्यात ठरावीक करार घालून दिला, म्हणजे ब्लॉब जुनेच ठेवून वरचं अँड्रॉइड बदलता यावं. अँड्रॉइड १२ च्या काळापासून, कर्नल ५.१० पासून, सगळ्या फोनसाठी एकच सामाईक कर्नल आणि त्याला जोडायचे कंपनीचे वेगळे तुकडे, अशी व्यवस्था आली. काही कंपन्या आज सात वर्षांच्या अपडेटचा शब्द देतात, त्यामागे हे काम आहे. पण लक्षात घ्या, यात ब्लॉब उघडला नाही. ब्लॉब बंद असूनही अडणार नाही, एवढीच सोय केली.

खुलेपणाच्या बाबतीत तर गूगलचा प्रवास उलट दिशेचाही झाला आहे. २०१३ मध्ये अँड्रॉइडच्या खुल्या सोर्सची जबाबदारी सांभाळणारे जाँ-बातिस्त केरू यांनी ते काम सोडलं. गूगलच्याच नव्या नेक्सस ७ टॅबलेटसाठी क्वालकॉमच्या जीपीयूच्या फाइली देता येत नव्हत्या, हे त्याचं कारण. आणि जून २०२५ मध्ये अँड्रॉइड १६ चा सोर्स आला, तेव्हा गूगलच्याच पिक्सेल फोनचे डिव्हाइस ट्री आणि ड्रायव्हरच्या फाइली त्यात नव्हत्याच. पूर्वी त्या सोबत मिळत. त्यामुळे पिक्सेलसाठी स्वतंत्र रॉम, म्हणजे फोनवर चढवायचं आपलं अँड्रॉइड, बनवणाऱ्यांचं काम एका रात्रीत अवघड झालं.

२०२३ च्या जानेवारीत आयआयटी मद्रासमध्ये वाढलेल्या एका कंपनीचं भारओएस जाहीर झालं तेव्हा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर "आता फोन पूर्ण स्वदेशी" असे निरोप फिरले होते. भारओएस अँड्रॉइडच्याच खुल्या सोर्सवर उभी आहे. त्यात वाईट काही नाही, पण वरचं नाव बदललं म्हणून खालची जीपीयूची लायब्ररी आणि मॉडेमची फर्मवेअर स्वदेशी होत नाही. ती ज्याची चिप त्याचीच राहते.

मग पूर्ण उघडा फोन आहे तरी का? जवळ जाणारे दोन आहेत. २०१९ च्या अखेरीस आलेला पाइनफोन आणि त्याच वर्षी यायला लागलेला प्युरिझमचा लिब्रेम ५. दोघांनी चिप निवडतानाच खुले ड्रायव्हर बघितले. पाइनफोनमध्ये लीमावर चालणारी जुनी माली आहे. लिब्रेममध्ये एनएक्सपीची चिप, तिच्यातल्या व्हिव्हांटे जीपीयूला एटनाविव्ह हा खुला ड्रायव्हर. दोघांनीही मॉडेम मुख्य चिपपासून वेगळा ठेवला, यूएसबीने जोडला, म्हणजे मॉडेमला फोनच्या मेमरीत थेट डोकावता येऊ नये. पाइनफोनच्या पाठीवर झाकण काढलं की नखाने सरकवायची सहा बारीक बटणं दिसतात. मॉडेम, वाय-फाय, माइक, कॅमेरे यांची वीजच तोडता येते. मॉडेमच्या आत पुन्हा एक लिनक्स चालतं आणि त्याचा बराचसा भाग हौशी विकासकांनी उघडा करून दाखवला. टॉवरशी प्रत्यक्ष बोलणारा गाभा मात्र तिथेही बंदच. आणि हे फोन हळू आहेत, बॅटरी पटकन खातात, फोटो यथातथाच काढतात. खुल्या चिपा निवडायच्या तर जुन्या निवडाव्या लागतात, त्याची ही किंमत.

फोटोंचं म्हणाल तर हा नेहमीचाच रडगाण्याचा विषय. माझा भाचा इंजिनिअरिंगला आहे, त्याने जुन्या फोनवर लिनिएजओएस चढवलं आणि दोन दिवसांनी म्हणाला, "मामा, फोन घोड्यासारखा पळतोय, पण फोटो आजोबांच्या अल्बममधले वाटतायत." साहजिक आहे. सेन्सर देतो ते नुसते कच्चे आकडे. त्यातून माणसाच्या कातडीचा रंग बरोबर काढणं, रात्रीच्या फोटोतला रवाळपणा पुसणं, फोकस धरणं हे काम बंद लायब्ररी आणि त्या विशिष्ट भिंगासाठी मोजून बनवलेली कोष्टकं करतात. लिनिएजओएस तुमच्याच फोनमधून ब्लॉब उचलून वापरतं म्हणून कॅमेरा निदान चालतो, पण कंपनीच्या कॅमेरा ॲपमधली हातचलाखी मागे राहते.

भाच्यासारखं कुणाला हे करून बघायचं असेल तर नवा फोन घेऊ नका. बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात, नाहीतर ओळखीत, २०१८ चा पोको एफ१ किंवा वनप्लस ६ मिळतोय का बघा. दोघांत स्नॅपड्रॅगन ८४५ आहे आणि मेनलाइन कर्नलवर चांगलं काम झालेल्या फोन चिपांपैकी ती एक. पोस्टमार्केटओएस हे २०१७ मध्ये सुरू झालेलं, फोन दहा वर्षं चालावा म्हणून बनवलेलं लिनक्स त्यावर चढतं, ग्राफिक्स फ्रीड्रीनोवर चालतात, वाय-फायही चालतं. फर्मवेअर मूळ फोनचीच वापरावी लागते, आणि कॅमेऱ्याकडून फार आशा ठेवू नका. घेण्याआधी बूटलोडर (फोन सुरू करणारा आणि कुठली सिस्टिम चढू द्यायची ते ठरवणारा प्रोग्रॅम) उघडता येतो ना, हे विकणाऱ्याच्या समोरच तपासा. तो उघडत नसेल तर बाकी सगळ्या चर्चेला अर्थ नाही. उघडला की पुष्कळशी बँकेची ॲप त्या फोनवर चालायला नकार देतात, पोस्टमार्केटओएसवर तर ती येतच नाहीत, तेव्हा अमृततुल्यात चहाचे पैसे द्यायला दुसरा फोन किंवा सुट्टे पैसे खिशात ठेवा.